तुम्ही विचारलंत म्हणून: बाई, मारत नाही तर पोरं ऐकतात कशी?

पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. कुणी सरळ विचारतं, "बाई, तुम्ही पोरांना हातच लावत नाही, मग ती ऐकतात कशी?" कुणी थेट अधिकारच बहाल करतं. "हाडं आमची, कातडी तुमची. घ्या बडवून, आम्ही विचारायला येणार नाही." यात आजोबामंडळी सगळ्यांत पुढं. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हटलं की समोरचा हमखास सुस्कारा टाकतो, "छडी गेली आणि शिस्तही गेली." दरवेळी तुकड्यातुकड्यानं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मार लागू पडतो, यात वाद नाही. एक फटका पडला की अख्खा वर्ग चिडीचूप. इतका झटपट उपाय माझ्या पोतडीत दुसरा नाही, आणि मार पिढ्यान् पिढ्या टिकला तो याच गुणावर. प्रश्न एवढाच, की चिडीचूप वर्गाचं मी करू काय? मला वजाबाकी शिकवायचीय.

तिसरीच्या मुलांना 52 वजा 17 घाला. चार-पाच जणांचं उत्तर येतं 45. हे उत्तर आळशी पोराचं नाही. त्यानं एककाच्या घरात 2 आणि 7 पाहिले, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले, उरले 5. दशकाच्या घरात पाचातून एक गेला, उरले 4. मोठ्यातून लहान घालवायचं हा नियम त्यानं बरोबर धरलाय, दशक सुटा करायची वेळ आली हे तेवढं कळलेलं नाही. पाटीवर 45 दिसलं की गाडं कुठं अडलंय ते मला नेमकं कळतं. मग मी काड्या काढते. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून, आणि वर दोन सुट्या. "यातल्या सतरा मला दे." पोरगं एक गठ्ठा देतं, दोन सुट्या देतं आणि थांबतं. माझ्याकडं बघतं, गठ्ठ्यांकडं बघतं. कधी मिनिटभर लागतं, कधी दुसरा दिवस उजाडतो. पण एका गठ्ठ्याचं रबर ते स्वतःच काढतं.

आता समजा, 45 लिहिलं म्हणून याच पोराच्या तळहातावर पट्टी बसली. उद्या त्याच्या वहीत 35 असेल. अगदी बरोबर उत्तर, शेजारच्याचं बघून उतरवलेलं. मी बरोबरची खूण करून पुढच्या धड्याकडं वळेन. पोरगं मग भागाकारापाशी अडेल, दशांश अपूर्णांकांपाशी अडेल, आणि ते का अडतंय याचा पत्ता सातवीच्या सरांनाही लागणार नाही.

माझं सगळं म्हणणं या 45 मध्ये आलं. माराला भ्यायलेलं मूल चुका करायचं थांबत नाही, दाखवायचं थांबतं. दुखणं लपवणाऱ्या पेशंटला डॉक्टर औषध तरी काय देणार?

घरी याची किंमत आणखी जास्त पडते. सायकलवरून पडलेलं पोरगं गुडघ्याची जखम पँटखाली लपवतं, ती पिकून ताप भरला की घरात कळतं. पण जखम भरून येते. ओळखीतल्याच एखाद्या माणसानं नको तिथं हात लावला, तर मुलगी ते आईला सांगेल का? "तू तिकडं गेलीसच कशाला" म्हणून आधी दोन धपाटे तिलाच बसणार असतील, तर नाही सांगणार. आम्ही शाळेच्या भिंतीवर चांगल्या-वाईट स्पर्शाचे तक्ते लावतो, 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन नंबर ठळक रंगवतो. पण फोनपर्यंत पोचायच्या आधी मुलाला घरातल्या एका मोठ्या माणसाची भीती वाटेनाशी व्हायला हवी. ते काम तक्त्याच्यानं होत नाही.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली तेरा राज्यांत बालकांच्या छळाची पाहणी केली होती. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे 65 टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. म्हणजे तिघांतले दोघं. घरी ज्यांना मार बसत होता, त्यांतल्या बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते.

इथवर आलं की सभेत कुणीतरी उठतं. "आम्ही काय कमी मार खाल्ला? आमचं काय बिघडलं? उलट गुरुजींनी फोडून काढलं म्हणून तर चार अक्षरं शिकलो." असं सांगणारा बहुतेक वेळा तलाठी, सोसायटीचा सचिव, नाहीतर दुसऱ्या शाळेतला शिक्षक असतो. तो खोटं बोलत नाही. पण त्याच्याच वर्गातले जे तिसरी-चौथीत माराला भिऊन शाळा सोडून गुरांमागं गेले, ते सभेत बोलायला उठत नाहीत. त्यांतले काही माझ्या विद्यार्थ्यांचे वडील, काही आजोबा आहेत. दाखल्यावर अंगठा द्यायला येतात, चपला बाहेर काढून दारातच उभे राहतात, "आत या, बसा" म्हटलं तरी "इथंच बरं हाय" म्हणतात. मार खाऊन घडलेल्यांची गोष्ट आपण ऐकतो, कारण ती सांगायला तेच उरलेत.

कुणी संस्कृत सुभाषित काढतं: पाच वर्षं लाड, दहा वर्षं मार, सोळावं लागलं की मित्रासारखं वागवा. मी एकदा एका काकांना विचारलं, दहा वर्षं मार खाऊन पंधरा वर्षांचा झालेला पोरगा सोळाव्याच्या वाढदिवसाला तुमचा मित्र होतो कसा? काका हसले, पण त्यांचा थोरला मुलगा हसला नाही. शिवाय प्रत्येक घरात बघा, मार साधारण तेरा-चौदाव्या वर्षी बंद होतो. पोरगं त्या वर्षी सुधारतं म्हणून नव्हे, त्याचा दंड तेव्हा बापाच्या दंडाएवढा होतो म्हणून.

हे सगळं परदेशी फॅड आहे, असाही एक आक्षेप असतो. पण गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वीच बालमंदिरातून शिक्षा हद्दपार केली होती, आणि बरोबर बक्षीसही. ताराबाई पुढं आपल्याकडं पालघरच्या आदिवासी भागात, बोर्डीला आणि कोसबाडला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. ज्या पोराला गुरं सोडून चार पावलांवर रान मोकळं आहे, त्याला छडीनं बसवून दाखवा. तिथं शिकवण्यात गोडी नसेल तर वर्गच उरत नाही. आपल्या चार भिंतींच्या शाळेत दार लावता येतं, म्हणून आपलं कंटाळवाणं शिकवणंही खपून जातं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शारीरिक शिक्षेला शाळेत जागा नाही असं म्हटलं होतं. गोव्यानं 2003 च्या बालक कायद्यात शाळेतल्या मारावर बंदी घातली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 नं देशभर शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. नुसती छडीच नव्हे. बाकावर उभं करणं, कोंबडा करणं, गुडघ्यांवर बसवणं हेसुद्धा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिक्षेतच मोडतं.

त्यातलं 'मानसिक छळ' आमच्या शिक्षकवर्गानं सोयीस्करपणे वगळलंय, हे मला बोललंच पाहिजे. छडी कपाटात गेली आणि जीभ मोकाट सुटली. "बाप दारूत, पोरगं गणितात, दोघंही बुडालेले." "तुमच्यात कुणी शिकलंय का कधी?" हे 'तुमच्यात' कुणाला उद्देशून आहे ते वर्गातल्या प्रत्येक पोराला कळतं. पट्टीचा वळ संध्याकाळपर्यंत जातो. अशा वाक्यावर चाळीस वर्षांनीही माणूस लाल होतो. ही मंडळी सभेत छातीठोकपणे सांगतात, आम्ही पोरांना हात लावत नाही!

बरं, मग करायचं काय? खरा प्रश्न हाच आहे आणि त्याला एकच एक उत्तर नाही, हे ऐकून लोक नाराज होतात. छडीचं एक बरं असतं, सगळ्या रोगांवर ती एकच.

एक मुलगा दुसरीत होता. आईची तक्रार, "हाक मारली तरी ऐकत नाही, मुद्दाम करतो, कानाखाली दिली तरच वळतो." वर्गातही तसंच. मी त्याला पुढं बसवलं तर बरा वागे, मागं गेला की पुन्हा आपल्याच नादात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली. कान आतून वाहत होता, पडद्याला भोक होतं. त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि त्याच कानाखाली आवाज निघत होता. चपराकीनं धडधाकट कानाचाही पडदा फाटू शकतो, हे आईला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. ऐकत नाही म्हणून आणलेल्या मुलाचे कान आणि डोळे मी आता आधी तपासून घ्यायला लावते. आदल्या रात्री किती वाजता झोपला, सकाळी काय खाल्लं, तेही विचारते. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

उरलेल्या निम्म्या खऱ्या खोड्या. न विचारता शार्पनर घेतला म्हणून एकानं दुसऱ्याच्या वहीची पानं टराटरा फाडली. आधी दोघांना लांब बसवलं, कारण तापलेल्या डोक्याशी बोलून उपयोग नसतो, त्याच्याही आणि माझ्याही. मग फाडणाऱ्याच्या हातात चिकटपट्टी दिली. मराठीच्या तासाला शुद्धलेखनाऐवजी तेच काम: पानं जोडायची, जी जोडली जाणार नाहीत ती स्वतःच्या हातानं नवी उतरवून द्यायची. वहीचा मालक शेजारी बसून "इथं काना राहिला, इथं वेलांटी चुकली" म्हणून दाखवत होता. ही सजा मारापेक्षा सोपी नव्हती. "एक फटका द्या बाई, पण हे नको," असं तो स्वतःच म्हणाला. माराचा हिशोब तिथल्या तिथं फिटतो आणि वही फाटलेलीच राहते, हे पोरांना आपल्याआधी कळलेलं असतं.

या सगळ्याला वेळ लागतो. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता, वर ऑनलाइन माहिती, मतदारयादीचं काम, खिचडीचा हिशोब. अशा दिवशी माझाही आवाज चढतो आणि हात शिवशिवतो. त्या शिवशिवण्याचं कारण पोरात शोधू नये एवढं मी पाळते. साहेबानं मीटिंगमध्ये झापलं तर मी साहेबावर हात टाकत नाही, तेव्हा माझा राग मला आवरता येतो हे सिद्धच आहे. सासूचं बोलणं खाऊन पोराला बदडणाऱ्या आईलाही मी हेच सांगते, जरा मऊ शब्दांत.

घराबाबत आपला कायदा मात्र अजून धूसर आहे. बाल न्याय कायद्याचं कलम 75 मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या सांभाळकर्त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सुनावतं, पण ते टोकाच्या प्रकरणांत कामी येतं. दुसरीकडं बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्भावनेनं केलेल्या कृतीला जुन्या दंड संहितेनं कलम 89 मध्ये संरक्षण दिलं होतं, आणि ते नव्या न्याय संहितेत कलम 27 म्हणून तसंच आलंय. 'भल्यासाठीच मारलं' हे तर प्रत्येक जण म्हणतो.

मग काय पोलीस घरात आणायचे? नाही. स्वीडननं 1979 साली घरातल्या मारावर बंदी घातली, जगात पहिल्यांदा. ती कौटुंबिक कायद्यात घातली आणि तिला वेगळी सजा जोडली नाही. माहितीपत्रकं घरोघर गेली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, म्हणजे न्याहारीच्या टेबलावर आईबाप आणि पोरं एकत्रच तो वाचतील. आज साठाहून जास्त देशांत अशी बंदी आहे. आपल्या शेजारच्या नेपाळनं 2018 मध्ये केली. नेपाळची घरं, तिथल्या सासवा, तिथलं दारिद्र्य आपल्याहून फार वेगळं नाही. मला असाच कायदा हवाय: बापाला आत टाकण्यासाठी नव्हे, तर "माझं पोरगं आहे, मी काहीही करीन" म्हणणाऱ्याला गावात कुणीतरी "नाही करता येत" असं ठामपणे म्हणू शकावं म्हणून.

तोवर माझ्या दोन मागण्या. घरी पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, तर "थांब, बाईंना नाव सांगते" म्हणू नका. तुमची खिचडी त्याच्या पोटात जाते, पण दुसऱ्या दिवशी ते मला प्रश्न विचारायला बिचकतं. आणि मुलानं घरी येऊन सांगितलं की आज शाळेत मारलं, तर "तूच काहीतरी केलं असशील" म्हणून गप्प बसवू नका. शाळेत या, मला विचारा, मी असले तर मलाच विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत हा विषय मांडा, आणि इतिवृत्तात लिहिला गेला का ते सही करण्याआधी वाचून घ्या.