५५ कँक्री ई किती तापतो, याचा हिशेब

मे महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास, दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास, सोलापुरात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या पातळीपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश ते माप) त्या दिवशी आपल्या अक्षांशाइतकी, म्हणजे १७.७ अंश असते. ऑगस्टच्या सुरुवातीला हे पुन्हा घडतं, पण तेव्हा बहुधा ढग असतात. ५५ कँक्री या दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ५५ कँक्री ई या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी असं मानलं जातं. तसं असेल तर तिथे एका जागी सावली कधीच पडत नाही, आणि हिशेब त्या जागेपासूनच सुरू करायचा.

वातावरणाच्या माथ्यावर आपल्याला दर चौरस मीटरला १३६१ वॅट सूर्यप्रकाश मिळतो. हा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून फक्त ०.०१५४ खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य अंतर म्हणजे १ एकक), म्हणजे साधारण २३ लाख किलोमीटरवर आहे. १ ला ०.०१५४ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा: सुमारे ४२००. ताऱ्याचं तेज सूर्याच्या ६० टक्के, म्हणून ०.६ ने गुणा. उत्तर आपल्या २५०० पट, म्हणजे दर चौरस मीटरला ३४ लाख वॅट. तिथल्या आकाशात तारा सुमारे ३२ अंश रुंद दिसेल. आपला सूर्य जेमतेम अर्धा अंश दिसतो.

आता ३४ लाखांना ५.६७ गुणिले १० चा उणे ८ वा घात या स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांकाने भागा आणि वर्गमूळ दोनदा काढा. सुमारे २७८० केल्विन येतं. त्यातून २७३ वजा केले की सेल्सिअस. पण हे फक्त त्या बिनसावलीच्या जागेचं, आणि ग्रह पूर्ण काळा धरून काढलेलं तापमान आहे. इथे हमखास एक गफलत होते. पृथ्वीसाठी आपण ऊर्जेला ४ ने भागतो, तीच सवय इथेही लावली जाते. तसं केलं तर सुमारे १९७० केल्विन येतं, आणि त्याचा अर्थ उष्णता साऱ्या ग्रहावर सारखी पसरली असा होतो. उष्णता जागची हललीच नाही, तर दुरून दिसणारी दिवसाची बाजू सरासरी २५१० केल्विनच्या आसपास भरते. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच खरा प्रश्न आहे. खरं तापमान खालच्या आकड्याकडे झुकलं, तर उष्णता वाहून नेणारं काहीतरी तिथे असण्याची शक्यता वाढते.

जेम्स वेब दुर्बिणीची निरीक्षणं २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. खगोलशास्त्रज्ञ रेन्यू हू यांच्या गटाला दिवसाच्या बाजूचं तापमान सुमारे १८०० केल्विन, म्हणजे १५३० अंश सेल्सिअसच्या आसपास मिळालं. वर्णपटात कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडच्या खुणा दिसल्या. म्हणजे खडकाळ ग्रहाभोवती बहुधा वातावरण, आणि तेही खालच्या वितळलेल्या खडकातून सतत भरून निघणारं. इतक्या जवळच्या ताऱ्यापुढे वायू टिकून राहतो, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. सोलापूरच्या जमिनीखाली ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. तो ११००-१२०० अंशांना लाव्हा होऊन वाहिला होता. १५३० अंशांना तो पूर्ण वितळलेलाच राहील.

मात्र आधीच्या स्पिट्झर दुर्बिणीच्या २०१६ च्या नकाशात दिवसाची बाजू २७०० केल्विन होती, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेली मापंही जुळत नाहीत. म्हणून या ग्रहाचं तापमान सांगताना वर्ष आणि दुर्बीण सांगावीच.

हिऱ्याचा ग्रह म्हणून तो अजून फिरवला जातो, ते सोडून द्यावं. २०१२ ची ती मांडणी ताऱ्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त आहे या मापावर उभी होती, आणि पुढच्या मापांत कार्बन कमीच भरला.

ग्रहाच्या वर्षाची कथा याहून शिकण्यासारखी आहे. २००४ मध्ये ग्रह सापडला तेव्हा प्रदक्षिणाकाळ २.८ दिवस मानला गेला. जमिनीवरची दुर्बीण फक्त रात्री पाहते, म्हणजे तोच तारा साधारण २४ तासांच्या अंतराने. तेवढ्यात ग्रह १.३६ फेऱ्या मारतो. पूर्ण फेरी नजरेतून निसटते, उरलेली ०.३६ तेवढी दिसते, आणि १ भागिले ०.३६ म्हणजे सुमारे २.८. डॉसन आणि फॅब्रिकी या संशोधकांनी २०१० मध्ये ही गुंतागुंत सोडवली आणि काळ १७ तास ४१ मिनिटं निघाला. २०११ मध्ये अवकाश दुर्बिणींनी ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह नेमका त्याच वेळापत्रकानं टिपला.

तारा ४१ प्रकाशवर्षांवर, प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद) ५.९५. शहरातून डोळ्यांनी दिसणार नाही. नान्नजच्या बाजूचा उघडा माळ (अभयारण्याच्या हद्दीबाहेर) आणि १० x ५० ची द्विनेत्री पुरेशी आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास तारा ७९ अंशांवर, माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. उभं राहून मान अवघडते, चादर अंथरून आडवं व्हा. पुनर्वसू आणि मघा यांच्या मधोमध पुष्याजवळचा एम ४४ हा तारकापुंज धरा. तिथून ९ अंश उत्तरेला चौथ्या प्रतीचा आयोटा कँक्री, आणि त्याच्या पूर्वेला सव्वा-दीड अंशावर आपला तारा. चूक होते ती इथे. अवघ्या साडेचार कलांवर (६० कला म्हणजे १ अंश), नैऋत्येच्या अंगाला, ५३ कँक्री हा जवळपास तेवढाच तेजस्वी तारा आहे. तांबूस दिसेल तो ५३; पिवळसर तो ५५.

ग्रह समोरून जाताना ताऱ्याचं तेज ०.०३५ टक्क्यांनी घटतं. घरगुती दुर्बिणीत हवेची थरथरच याहून कितीतरी मोठी असते, तेव्हा त्याच्यामागे रात्री घालवू नका. अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं असं ताऱ्यासमोरून जाणं, मोजायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी एचडी १८९७३३ बी घ्या. तो गुरूसारखा वायूचा ग्रह आहे, घट २.४ टक्के, घटना पावणेदोन तासांची. आधी-नंतर एकेक तास जास्तीचा ठेवा, प्रतिमा थोडी धूसर करा म्हणजे सेन्सर संपृक्त होणार नाही, आणि त्याच चौकटीतल्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी तुलना करा.