कांतो अपडेट: पाचाचा गट अखेर सरळ चालला

मंडळी, ‘कांतो ओस्टिनाटो’ (डच संगीतकार सिमिऑन टेन होल्टची, पाच-पाच नोटांच्या गटांनी पुढे जाणारी रचना) वाजवताना माझ्या लयीत येणारं लंगड गेलं! मागच्या वेळी लिहिलं होतं ना, डाव्या हाताचा पाचाचा गट सरळ चालतच नाही, मेट्रोनोम ५४ वर आणला तरी दोन-तीन मिनिटांत गाडी पुढे पळते, त्याचं कारण शनिवारी सापडलं आणि तेही पियानोवर नाही, गावातल्या चर्चच्या ऑर्गनवर.

मला वाटत होतं दोष झपतालाचा. लहानपणापासून तबला, त्यामुळे पाच-पाच असे दहा दिसले की हात आपोआप धी ना, धी धी ना करतो आणि तिसऱ्या नोटेवर जोर पडतो. म्हणून महिनाभर जोर काढायच्या मागे लागलो. पण ऑर्गनवर की कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच! तिथे जोर गेला, तरी लंगड होतंच. मग फक्त ८ फुटी फ्लूट हा एकच साधा आवाज ठेवला, बाकी सगळे स्टॉप (आवाज निवडायचे खटके) आत, आणि एकच बार वीस मिनिटं वाजवला. अंगठा! वरची नोट वाजवून अंगठा कीवर रेंगाळतो, करंगळी खालच्या नोटेवर पोचली तरी तो उठलेला नसतो, दोन नोटा एकमेकींवर चढतात आणि चर्चच्या घुमण्यात त्याचा नुसता लगदा होतो. डिजिटल पियानोवर हे सगळं सूर लांबवणाऱ्या पेडलखाली झाकलं जात होतं. आता घरीसुद्धा पेडल बंद, आणि गट चौथ्या नोटेपासून सुरू करून घोळवतोय. काल सेक्शन १७ (रचनेतला एक तुकडा, हवा तितका वेळ घोळवता येतो) सलग अकरा मिनिटं, एकदाही न घसरता!! ज्यांच्यासोबत हे वाजवायचंय त्या ताई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन शेजारी बसल्या, काही बोलल्या नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या.

स्क्रीनवरच्या स्कोअरचं पान पायाने उलटायचं, ऑनलाइन मागवलेलं पेडल पहिल्याच आठवड्यात मेलं, परत घ्यायलाही तयार नाहीत. डोनेमस या डच प्रकाशकाचा छापील स्कोअरच घ्या, पेन्सिलीने खुणा करता येतात.

प्लॅन दोन पियानोंचा होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, ताई पियानोवर आणि मी ऑर्गनवर का नाही? १९७९ ला नेदरलँड्समधल्या बर्गनच्या रुइनेकेर्क या चर्चमध्ये कांतो पहिल्यांदा वाजला तेव्हा तीन पियानोंसोबत इलेक्ट्रॉनिक ऑर्गन होताच. आणि २०२३ ला, टेन होल्टच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, गादीवर आडवं पडून ऑर्गनवरचा कांतो ऐकला तेव्हापासून तो आवाज डोक्यातून गेलेला नाही. शिवाय ऑर्गनला दोन मॅन्युअल (हाताने वाजवायचे कीबोर्ड) असले की हात एकमेकांत अडकत नाहीत.

अडचण सुराची. थंडीत पाइप उतरतात, चर्च तापलं की चढतात, पियानो ट्यूनर काही दर वेळी येणार नाही. म्हणजे ताईंना डिजिटलच द्यावा लागेल, त्याचा सूर हर्ट्झमध्ये हलवता येतो. हीटर लावून तासभराने मोजायचं, मग जुळवायचं. कुणी असं केलंय का? सेक्शन ७४ ची ती मुख्य धून बेसूर झालेली मला चालणार नाही.

शनिवारी चावी मिळतेय, थर्मामीटर घेऊन जातोय.