मुंबई ते मॉरिशस: मधे फक्त पाणी

मुंबईहून मॉरिशस सरळ रेषेत सुमारे 4,700 किलोमीटर. विमानाला सव्वासहा तास लागतात, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी साडेसहाला उडालो आणि तिथल्या सव्वाअकराला उतरलो. परतताना तो दीड तास व्याजासकट भरावा लागतो, निम्मी रात्र त्यातच जाते.

वाटेत जमीन नाहीच. डावीकडे मालदीव, उजवीकडे सेशेल्स, दोन्ही शेकडो किलोमीटर लांब. समोरच्या पडद्यावर निळ्या रंगात ते चिमुकलं विमान जागचं हलेना. सीट इतकी अरुंद की गुडघे समोरच्या पाठीला टेकलेले. इतक्या लांबच्या प्रवासाला अशा सीट देणं मला अजिबात पटत नाही.

विषुववृत्ताजवळ ढगांनी विमान चांगलंच हलवलं आणि शेजारच्या काकूंच्या पिशवीतून छणछण आवाज आला. त्यांनी घाईघाईने पिशवी मांडीवर घेतली. आत झांजांचे दोन जोड होते, दादरला घेतलेले. "गणपतीला पाहिजेत," त्या म्हणाल्या. मी चमकून पाहिलं. मघापासून त्या आपल्या मुलीशी क्रिओलमध्ये, म्हणजे मॉरिशसच्या बोलीभाषेत, बोलत होत्या. मराठी त्या शाळेत विषय म्हणून शिकलेल्या, त्यामुळे एकेक शब्द जपून उच्चारत होत्या. तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे त्यांनीच सांगितलं.

"पणजोबा रत्नागिरीकडून आले, बोटीने. गाव कुठलं, ते कोणाला माहीत नाही."

एवढं बोलून त्यांनी झांजा ओढणीत घट्ट गुंडाळल्या. मला काय बोलावं सुचेना. त्यानंतर सीटबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही.

पुढचे दिवस समुद्रकिनारे आणि कॅटामरानमध्ये (जोडनावेत) गेले. सुंदर आहे सगळं, फोटो पाहिलेच असतील तुम्ही. पण मी हट्टाने राजधानी पोर्ट लुईसला आप्रवासी घाट पाहायला गेलो. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर या बेटावर आले, बहुतेक भारतातून, उसाच्या मळ्यांत राबायला. बोटीतून उतरून चढायच्या त्या काळ्या दगडी पायऱ्या अजून आहेत. झिजलेल्या, मधोमध किंचित खोलगट. जी वाट मी सव्वासहा तासांत ओलांडली, तिला त्यांना आठवडेच्या आठवडे लागत, आणि किती जणांना परतीची वाटच मिळाली नाही. काकूंचे पणजोबाही त्यातलेच.

आमच्या टूरवाल्याच्या कार्यक्रमात हा घाट नव्हता. दोन शॉपिंग मॉल मात्र होते. 2006 पासून जागतिक वारसा असलेली जागा, त्यात कोकणातून गेलेल्या माणसांचा इतिहास, आणि मुंबईहून पर्यटक नेणाऱ्यांना तिच्यासाठी अर्धा दिवस काढता येत नाही? याचा मला मनापासून राग आला. तुम्ही जाणार असाल, तर बुकिंग करतानाच तो अर्धा दिवस मागून घ्या, आणि मॉल खुशाल वगळायला सांगा.