आरझेडआरला टर्बो बसवताना खरा अडसर: ऑइलची रिटर्न लाइन

पोलारिस आरझेडआर एक्सपी १००० या वाळूत-डोंगरात पळवायच्या ऑफ-रोड गाडीला बाहेरचं टर्बो किट (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा आणि त्याचं सामान) बसवायचं ठरवलं असेल, तर पाइप, इंटरकूलर (कोंबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि वायरिंगची धास्ती घेऊ नका. ते काम वेळखाऊ आहे, पण सरळ आहे. माझं काम अडलं ते टर्बोतून ऑइल इंजिनात परत नेणाऱ्या नळीपाशी. किटच्या जाडजूड सूचनापत्रात या नळीबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या: होज जोडा, क्लॅम्प आवळा. या दोन ओळींवरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडक्यात पाया. हे ९९९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मुळात ११० हॉर्सपॉवरचं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, सुमारे ११:१. एवढ्या कॉम्प्रेशनवर पंपाच्या पेट्रोलने चालवायचं असेल तर ५-६ पीएसआय बूस्टवर (टर्बोने कोंबलेल्या हवेच्या जादा दाबावर) थांबा. त्यापुढे कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन आणि मजबूत हेड स्टड (सिलिंडर हेड आवळून धरणारे बोल्ट) लागतात. इथे अ‍ॅरिझोनात पंपावर ९१ ऑक्टेन मिळतं. तो आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी असतो. भारतातल्या साध्या पेट्रोलचा पूर्वीचा ९१ हा नुसता आरओएन होता, म्हणजे प्रत्यक्षात बराच खालचा. किटचे आकडे वाचताना हे दोन ९१ एक समजू नका.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा सगळं ठीक होतं. काही मिनिटं आयडलवर राहिली की सायलेन्सरमधून निळा धूर. थ्रॉटल दिला की कमी, सोडला की पुन्हा. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत उंच चढ चढून माथ्यावर थांबलं की धुराचा लोटच. किटवाल्यांचं उत्तर ठरलेलं: टर्बोचं सील गेलं, काढून पाठवा. पाठवला. तपासणीत टर्बो निर्दोष निघाला आणि तसाच परत आला. मग व्हिडिओ पाठवा, मग फोटो पाठवा, मग ऑइल बदलून बघा. ऐन थंडीचा, म्हणजे वाळूत फिरण्याचा हंगाम त्यात गेला. रिटर्न नळी कशी गेली आहे, हे एकदाही कोणी विचारलं नाही.

टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात, आणि मधल्या भागातलं ऑइल लगेच खाली उतरून जातं या भरवशावरच त्या काम करतात. आत ऑइल प्रेशरने येतं, पण बाहेर पडतं फक्त स्वतःच्या वजनाने, तेही हवा मिसळून फेसाळलेलं. नळीत कुठे तुंबलं की मधला भाग भरतो आणि ऑइल कड्यांवरून एक्झॉस्टमध्ये आणि इनटेकमध्ये सरकतं. आयडलला टर्बाइनच्या बाजूचा दाब जवळपास नसतो, म्हणून तेव्हा धूर जास्त. थ्रॉटल दिला की तो दाब ऑइलला मागे ढकलतो आणि धूर कमी होतो. सील खरंच गेलं असेल किंवा शाफ्ट हलत असेल, तर धूर सहसा बूस्टखालीही राहतो.

टर्बो काढण्याआधी ही तपासणी करा. रिटर्न होज इंजिनाकडून सोडवून खाली ठेवलेल्या बाटलीत सोडा, इंजिनाकडचं भोक बंद करा आणि गाडी दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. ऑइलची पातळी बघत राहा, कारण ते इंजिनात परत जात नाही. एक्झॉस्टमध्ये आधीच साचलेलं जळून गेल्यावर धूर थांबला, तर टर्बो चांगला आहे. आता होज परत जोडा, डिपस्टिकच्या भोकाला पारदर्शक नळी लावा, तिला यू आकार देऊन त्यात पाणी भरा. इंजिन चालू असताना पाणी एका बाजूला ठळकपणे वर चढलं तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, दाब साठतो आहे, आणि तोच दाब ऑइलला खाली उतरू देत नाही.

माझ्या गाडीत ऑइल तुंबण्याची दोन कारणं होती. किटमध्ये ब्रीदरची (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी) जाड नळी एका बारीक नॉझलवर आणून संपवली होती. बूस्टमुळे पिस्टनच्या कडेने निसटणारी हवा वाढते, तिला बाहेर पडायला वाट अपुरी. नॉझल काढून मूळ व्यासाचीच नळी कॅच कॅनपर्यंत (हवेसोबत येणारं ऑइल गोळा करणाऱ्या डब्यापर्यंत) नेली, कॅनवर छोटा फिल्टर बसवला, आणि पाण्याची पातळी जागेवर आली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. किटमधलं रिटर्न पोर्ट, म्हणजे ऑइल इंजिनात परत शिरण्याचं तोंड, क्रँककेसच्या मागच्या बाजूला, बरंच खाली होतं. सपाट जमिनीवर ते ऑइलच्या पातळीच्या जेमतेम वर. चढावर गाडीचं नाक वर गेलं की संपमधलं (इंजिनाच्या तळाशी साठलेलं) ऑइल मागे येतं आणि पोर्ट बुडतं. रस्त्यावरच्या कारसाठी लिहिलेल्या सूचना वाळूत अशा उघड्या पडतात. शिवाय काटकोनी फिटिंगमुळे होज फ्रेमच्या आडव्या नळीखाली झोळ घेऊन जात होती. त्या झोळात ऑइल कायम साचलेलं.

उपाय: पोर्ट वर हलवा. गाडी ३० अंश चढावर उभी आहे असं धरून ऑइल कुठवर येईल ते मोजा आणि त्याच्याही वर भोक घ्या. नळी दहा नंबर एएन मापाची (होज-फिटिंगचं एक प्रमाणित माप), आतून निदान १२-१३ मिमी. काटकोनाऐवजी ४५ अंशाची फिटिंग. टर्बोचा मधला भाग बोल्ट सैल करून असा फिरवा, की ड्रेनचं तोंड सरळ खाली राहील. उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. नळीला कुठेही चढ किंवा झोळ नको. एवढी उंची मिळतच नसेल तर ऑइल ओढून परत नेणारा इलेक्ट्रिक स्कॅव्हेंज पंप लावा, पण तो बंद पडला की टर्बो भरतो, म्हणून मी तो टाळला. जोडांवर सिलिकॉन गॅस्केट लावू नका. सुटलेला तुकडा ऑइलची वाट अडवतो.

दुरुस्तीनंतरही थोडा वेळ धूर दिसेल. इंटरकूलर आणि पाइप उतरवून सॉल्व्हंटने धुवा, सायलेन्सरमधलं ऑइल जळून जाऊ द्या. नाहीतर योग्य दुरुस्तीही फसली असं वाटेल.

उरलेलं, आठवेल तसं. इनटेकमधला दाब मोजणारा मूळचा मॅप सेन्सर बूस्ट वाचत नाही, मोठ्या पल्ल्याचा हवा. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरवर) बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ च्या आसपास ठेवा. स्पार्क प्लग मूळच्यापेक्षा एक नंबर थंड, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. पूर्ण थ्रॉटलला इंजिन लिमिटरला (कमाल फेऱ्यांच्या मर्यादेला) टेकत असेल तर क्लचची वेट्स जड करा. बेल्टला तापमानाचा मीटर लावा. २०० फॅरनहाइटच्या वर जायला लागलं की वेग सोडा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल घाला आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवून स्टार्टर फिरवा.

किट घेण्याआधी विक्रेत्याला रिटर्न पोर्टच्या जागेचा फोटो मागा आणि फिटिंगचा आतला व्यास विचारा. उत्तर आलं नाही तर ते किट घेऊ नका. आणि गाडी अजून घेतलेलीच नसेल, तर २०१६ मध्ये कंपनीचीच ९२५ सीसीची एक्सपी टर्बो आली, पहिल्याच वर्षी १४४ हॉर्सपॉवरची. वापरलेली चांगली मिळाली तर तीच घ्या.