गिअरबॉक्स जागेवर ठेवून जीपचे इंजिन उतरवताना

जुन्या जीपचे इंजिन घरच्या अंगणात उतरवायचे ठरले, की सगळ्यात आधी गिअरबॉक्सचा निर्णय घ्यावा लागतो. तो इंजिनाबरोबर बाहेर काढायचा, की जागेवरच राहू द्यायचा? अनेक मेकॅनिक दोन्ही एकत्र काढणे पसंत करतात आणि काही गाड्यांच्या बाबतीत तेच योग्यही असते. सीजे-३बी प्रकारच्या पेट्रोल जीपबाबत मात्र माझे मत पक्के झाले आहे: काम इंजिनाचे किंवा क्लचचे असेल, तर गिअरबॉक्सला हात लावू नये. तो जागेवर राहणार असेल, तर इंजिन सुटल्यानंतर त्याचे तोंड कशावर टेकणार, याची तजवीज मात्र पहिला बोल्ट सैल करण्याआधीच झालेली असली पाहिजे.

ज्यांनी ही जीप जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सीजे-३बी अमेरिकेत विलिस कंपनीने १९५३ मध्ये आणली आणि तिकडे तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे महिंद्राने ती परवान्याखाली त्यानंतरही अनेक वर्षे बनवली, त्यामुळे महाराष्ट्रात शेतावर, धरणांच्या कामावर आणि सरकारी खात्यांत ती सर्वत्र दिसत असे. तिचे उंच बॉनेट ही तिची ओळख, आणि ते उंच होण्याचे कारण आतले ‘हरिकेन’ इंजिन होय. २१९९ सीसीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. या रचनेमुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटलाही वर सरकावे लागले. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असल्याने इंजिनाचे वजन दीडशे किलोंच्या बरेच पुढे जाते. चार माणसे लावून ते हातांनी उचलण्याचा विचारही करू नये.

गिअरबॉक्स न काढण्यामागचे कारण गाडीखाली शिरून पाहिले की लगेच पटते. तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला जोडलेली, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस मिळून एकच जड गठ्ठा तयार होतो. त्याच्यातून पुढच्या आणि मागच्या धुरीकडे दोन प्रोपेलर शाफ्ट जातात, वरून तीन दांडे फ्लोअरबोर्डातून आत येतात, हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर बसतो, स्पीडोमीटरची केबलही तिथूनच निघते, आणि क्लचच्या जोडणीचा एक टोकाकडचा आधार बेल हाउसिंगवर, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचावर असतो. हे सगळे सोडवायचे, तेल काढायचे, आणि पुन्हा जसेच्या तसे बसवायचे, तेही केवळ पुढच्या भागातील कामासाठी, हे मला पटत नाही. इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यामधले बोल्ट काढले, की इंजिन क्लचसकट पुढे येते, बाकी सारे जिथल्या तिथे राहते.

आमच्या जीपचा क्लच चढावर सुटू लागला होता. आंबेनळीसारख्या घाटात इंजिनाचा आवाज चढायचा, पण गाडी त्या प्रमाणात ओढायची नाही, आणि बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून तेल ठिबकत असे. वय झालेल्या इंजिनाचे मागचे ऑइल सील झिजून तेल क्लच प्लेटवर पोहोचणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते. तरीही काम सुरू करण्यापूर्वी ते तेल बोटावर घेऊन पाहावे. इंजिनाचे तेल काळे आणि पातळ असते. गिअरबॉक्सचे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ठिबकणारे तेल गिअरबॉक्सच्या समोरच्या बेअरिंगकडून येत असेल, तर वर मांडलेला सगळा युक्तिवाद गैरलागू ठरतो आणि गिअरबॉक्सही उघडावाच लागतो.

जागा सपाट आणि कडक हवी. मातीच्या अंगणात तिपाईचे पाय रुततात, म्हणून फरशी किंवा कोबा असलेलीच जागा निवडावी आणि चारही चाकांना उट्या लावाव्यात. पंख्याच्या कडीला किंवा पत्र्याच्या शेडमधील पाइपाला इंजिन टांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते पाहून दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. जाड पाइपांची लोखंडी तिपाई आणि एक टनाची चेनपुली भाड्याने सहज मिळते. तेवढा खर्च करावाच. पाने इंची मापाचे लागतात, कारण या इंजिनाचे नटबोल्ट त्याच मापाचे आहेत, आणि मिलिमीटरचा जवळचा पाना लावून ओढले की बोल्टाचे डोके गोल होते. सायलेन्सर पाइपाच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

सोडवण्याचा पहिला टप्पा सोपा आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढावी. मग पाणी आणि इंजिन ऑइल काढून घ्यावे, रेडिएटर, होज पाइप, पंखा, एअर क्लीनर, स्टार्टर, डायनॅमोच्या आणि कॉइलच्या वायरी, ऑइल प्रेशर व तापमानाच्या जोडण्या, अ‍ॅक्सिलरेटर आणि चोक हे सारे सुटे करावे. पेट्रोलची नळी पंपापाशी सोडवल्यावर तिचे तोंड ताबडतोब बंद करावे. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहावे. इंजिनाचा चासीशी असलेला अर्थिंगचा पट्टा आणि इंजिनाला पुढे सरकू न देणारी, चासीच्या आडव्या पट्टीला बांधलेली तारदोरी, या दोन गोष्टी अनेकांच्या लक्षात राहत नाहीत, आणि मग इंजिन उचलताना ते कशाला अडकले आहे हे कळत नाही.

उचलण्याची पट्टी हेडच्या बोल्टांच्या जागी बसवतात. त्यासाठी काढलेले बोल्ट नंतर पुन्हा ६० ते ७० पाउंड-फुटांपर्यंत टॉर्क पान्यानेच आवळले पाहिजेत, अंदाजाने नव्हे, नाहीतर हेड गॅस्केट उडते. आणि कुणाला या निमित्ताने हेडही उतरवायचे असेल, तर एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवेच्या वाटेच्या आत लपलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. तो न काढता पहार लावून हेड उचकटणाऱ्यांनी चांगली हेडे फोडलेली आहेत.

आता खरे काम येते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना मागे खालून एका आडव्या पट्टीवरच्या रबराचा आधार असतो. पुढे त्यांचा स्वतःचा आधार नसतो, ते काम इंजिन करत असते. म्हणजे इंजिन सुटताच या गठ्ठ्याचे तोंड खाली झुकणार. म्हणून बेल हाउसिंगच्या खाली जॅक आणि त्यावर लाकडी फळी ठेवून ती नुसती टेकेल इतकीच वर घ्यावी, जास्त नाही. मग चेनपुलीवर इंजिनाचा भार घेऊन पुढच्या दोन्ही माउंटिंगचे बोल्ट आणि आधार काढावेत. बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या इतके जवळ आहेत की पाना फिरत नाही. त्यासाठी इंजिन आणि जॅक दोन्ही थोडे खाली सोडावेत. मागच्या रबरावर सगळा गठ्ठा किंचित कलतो आणि वर हात शिरायला जागा होते. जोर लावून पाना घुसवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. ते दोन बोल्ट निघाले, की जॅक आणि पुली बरोबरीने पूर्वीच्या उंचीवर आणावे आणि उरलेले बोल्ट काढावेत.

शेवटचा बोल्ट निघाल्यावर इंजिन पुढे ओढायचे ते अगदी सरळ रेषेत. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून आणि फ्लायव्हीलच्या मध्यावरील पायलट बुशमधून बाहेर येत असतो. इंजिनाचे वजन त्या शाफ्टवर क्षणभरही येता कामा नये. आले तर क्लच प्लेटची मधली वाटी वाकते आणि बुश घासते. दोघांपैकी एकाने फक्त जोडाची फट पाहत राहावे. फट वर कमी आणि खाली जास्त दिसली, तर मागची बाजू लोंबते आहे. साखळीची पकड मागे सरकवावी. चारही बाजूंनी फट सारखी असली, की इंजिन हाताच्या साध्या ओढीने पुढे येते. क्लच बेल हाउसिंगच्या पूर्ण बाहेर आल्याशिवाय इंजिन वर उचलू नये. उचलल्यावर चाकांच्या उट्या काढून जीपच मागे ढकलावी, टांगलेले इंजिन हलवू नये, आणि ते जमिनीवर टेकेपर्यंत त्याच्याखाली कुणीही हात वा पाय घालू नये.

इंजिन बाहेर आल्यावर ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश हे सगळे एकदमच पाहून घ्यावे. बुशची किंमत किरकोळ असते, आणि झिजलेला बुश तसाच ठेवला तर त्याच्यासाठी हीच सारी मेहनत पुन्हा करावी लागते. नवी प्लेट मध्यावर बसवण्यासाठी जुन्या बाजारात मिळणारा टी-९० चा टाकाऊ इनपुट शाफ्ट उत्तम. तो प्लेटमधून बुशमध्ये घालूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळावेत.

परत बसवताना खरी परीक्षा असते. गाडी टॉप गिअरमध्ये टाकावी, ट्रान्सफर केसचा दांडा हायमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक ओढावा, म्हणजे इनपुट शाफ्ट फिरत नाही. इंजिन त्याच उंचीवर आणि त्याच कलाने पुढून आत सरकवायचे. थोडी फट राहून ते अडले, की शाफ्टच्या आणि प्लेटच्या खाचा जुळलेल्या नाहीत असे समजावे. आमच्याकडे त्या वेळी धाकटा भाऊ पुलीवर होता आणि मी फटीपाशी. “दादा, हँडल घाल आणि अगदी केसभर फिरव,” असे तो म्हणाला. पुढून स्टार्टिंग हँडल क्रँकला लावून किंचित फिरवले, तसे इंजिन सरकले आणि दोन्ही तोंडे एकमेकांना भिडली. या टप्प्यावर राहिलेली फट बोल्ट आवळून मिटवू नये, हे मी कळकळीने सांगतो. बोल्टांच्या ताकदीने इंजिन आत जाते खरे, पण त्या ताकदीखाली प्लेटची वाटी चिरडली जाते किंवा बेल हाउसिंगचे कान तडकतात. तोंडे हातांनी भिडली पाहिजेत, बोल्ट नंतर.

बाकीची जोडणी उलट्या क्रमाने होते. तारदोरी किंचित सैल ठेवावी. ती ताठ ओढली तर इंजिनाची थरथर थेट चासीत उतरते. अर्थिंगचा पट्टा घासून चकचकीत केलेल्या जागीच बसवावा. क्लच पेडलला वरच्या टोकाशी थोडी मोकळी चाल असल्याची खात्री करावी, कारण ती नसेल तर नवे रिलीज बेअरिंग सतत घासत राहते. तेल-पाणी भरून, प्लग काढून ठेवून, स्टार्टरने इंजिन नुसते फिरवावे आणि ऑइल प्रेशरचा काटा वर आल्यावरच प्लग लावून ते सुरू करावे. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर माउंटिंगचे आणि बेल हाउसिंगचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत, आणि बेल हाउसिंगच्या तळाचे भोक कोरडे आहे ना, ते खाली वाकून पाहावे.