पिवळ्याची सावली

ॲनिमे-स्टाइल, म्हणजे जपानी कार्टूनच्या धाटणीचं चित्र कॉम्प्युटरवर रंगवताना सगळ्यात जास्त छळतो तो पिवळा. केस, डोळे, डोळ्यांतली चमक याचा लोकांना उगाच बाऊ वाटतो. ते चार चित्रं बघून हाताला बसतं. पिवळ्याला सावली देणं मात्र भल्याभल्यांना जमत नाही.

आत्ता हे लिहायचं कारण माझा मिरजेचा आतेभाऊ. त्यानं परवा एक फाइल पाठवली. एक पोरगी, हातात दांडपट्टा, अंगात पिवळंधमक जाकीट, केस वाऱ्यावर. रेषा इतक्या सफाईदार की मला हेवा वाटला. पण जाकिटाच्या सावलीसाठी त्यानं तोच पिवळा घेतला होता आणि कलर बॉक्समध्ये सरळ खाली, काळ्याकडे ओढला होता. चहाचा कप घेऊन पप्पा मागे उभे होते. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, पिवळा रंग बघण्यात आयुष्य गेलंय. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ही हळद भिजलीय गं. सौद्यात कोण हात लावणार नाही हिला."

मला जे समजावायला अर्धा तास लागला असता ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

आता आकड्यांत बघू. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांनी बनतो, प्रत्येक ० ते २५५. समजा जाकिटाचा रंग लाल २५५, हिरवा २१५, निळा ०. तो निम्मा केला की होतो १२८, १०८, ०. गणितानं रंगछटा तीच राहिली, पण डोळ्याला तो पिवळा दिसतच नाही; शेवाळी दिसतो. उजेडातला पिवळा आणि अंधारलेला पिवळा हे आपल्या डोळ्याच्या हिशेबी दोन वेगळे रंग आहेत. म्हणून सावलीत जाताना नारंगीकडे सरकायचं. २१४, १४०, २० घेऊन बघा. लगेच जाकीट सुकतं.

मी दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात बसते. वाढदिवसाचे बॅनर, नेत्यांचे हसरे चेहरे, मागे सूर्यकिरणं. (त्या सूर्यकिरणांबद्दल एकदा वेगळं लिहीन, रागानं.) तिथं ही गोष्ट शाईत दिसते. पिवळ्या शाईत काळी मिसळली की हिरवट, मळकट छटा येते. थोडी मजेंटा (गडद गुलाबी) मिसळली की हळदीच्या, केशरी अंगाचा गडदपणा येतो. आमचा मशीनवाला कुठल्या कलर थिअरीच्या वाटेला गेलेला नाही, पण पिवळ्यात काळा दिसला की डिझाइन परत पाठवतो.

आतेभावाचा पुढचा प्रश्न रास्त होता. "ताई, मी सगळ्या चित्रावर एकच मल्टिप्लाय लेयर टाकतो, मग जाकिटापुरतं वेगळं कसं करू?" लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक थर, आणि मल्टिप्लाय म्हणजे वरच्या आणि खालच्या रंगाचा गुणाकार: दोन्ही आकडे गुणायचे, २५५ नं भागायचं. आता बघा, पिवळ्यात निळा जवळजवळ शून्यच. शून्याला कशानंही गुणा, शून्यच. म्हणजे सावलीच्या रंगात तुम्ही निळा किती घातला याला पिवळ्यावर काडीची किंमत नाही. तिथं फक्त लाल आणि हिरव्याचा हिशेब चालतो. बहुतेक जण निळसर करडी सावली टाकतात, उदाहरणार्थ १७०, १८०, २२०. पांढऱ्या कापडावर ती सुरेख दिसते. पिवळ्यावर १७०, १५२, ० येतं, म्हणजे पुन्हा भिजलेली हळद. तीच सावली गुलाबी करा, २१५, १६५, १९०. आता जाकिटावर येतं २१५, १३९, ०. हळकुंडाच्या आतला रंग! तेव्हा पिवळ्यासाठी सावलीचा लेयर वेगळा ठेवायचा आणि त्यात गुलाबी भरायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण करून बघा.

लेयरची मांडणी मी फार वाढवत नाही. खाली सपाट रंग, प्रत्येक भागाचा वेगळा लेयर: त्वचा, केस, जाकीट, पट्टा. त्यावर त्या त्या भागाची सावली, सगळ्यात वर रेषा. मी क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते, ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. त्यात सावलीच्या लेयरला 'इनहेरिट अल्फा' लावायचं, म्हणजे रंग जाकिटाबाहेर सांडत नाही. पण सपाट रंग आणि त्याची सावली एका ग्रुपमध्ये हवी, नाहीतर ती खालच्या सगळ्याच लेयरचा आकार धरते आणि बॅकग्राउंड असेल तर सगळीकडे पसरते. क्लिप स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी क्लिपिंगचं एक बटण आहे. सपाट रंग भरताना फिल टूलमध्ये सिलेक्शन एक-दोन पिक्सेल वाढवून ठेवायचं, म्हणजे रंग रेषेखाली शिरतो आणि कडेला पांढरी किनार राहत नाही.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. जुन्या ॲनिमेत सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर, पुढून रेषा असायची आणि रंग मागच्या बाजूनं भरायचे. रंग रेषेखाली थोडा गेला तरी पुढून दिसायचा नाही. सावलीची छटा म्हणजे वेगळा तयार रंग, वेगळं भरणं, वेगळं वाळवणं. मग एका भागाला एक उजेड, एक सावली, फार तर एक चमक. सावलीची हद्द ॲनिमेटर रंगीत पेन्सिलीनं आखून द्यायचा आणि रंगवणारा त्या हद्दीपर्यंत भरायचा. बहुतेक स्टुडिओ २००० च्या आसपास कॉम्प्युटरकडे वळले. १९६९ पासून चाललेली 'साझाए-सान' ही मालिका मात्र २०१३ पर्यंत सेलवर रंगवली जात होती.

म्हणूनच एअरब्रशनं कडा धुरकट करत बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ॲनिमेची सावली हा एक आकार आहे. हनुवटीखाली मानेवर पडलेला त्रिकोण, बटांची कपाळावरची दातेरी कड, कॉलरखालची पट्टी. हे आकार नीट कापलेले असले की एका छटेतही चेहरा उठून येतो. आकार चुकला तर दहा छटांनीही उठत नाही. मी आधी सावली नुसत्या जांभळ्या रंगात, कडक ब्रशनं, पुसत-खोडत ठरवते. रंग नंतर बदलता येतो.

आणि उजेड कुठून येतोय ते बघायला बाहेर जावं. सांगलीत असाल तर हळदीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारीनंतर, दुपारी यार्डात एक चक्कर मारा. उघड्यावर उभ्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या सावल्या निळसर असतात, कारण सावलीत आभाळाचा उजेड पोचतो. तोच माणूस ढिगाजवळ वाकला की त्याच्या हनुवटीखाली, कोपराच्या आतल्या बाजूला पिवळा उजेड चढतो. खाली उन्हातली हळद असते, तिचा. टोपी वरून निळसर, खालून पिवळी. हा खालून आलेला उजेड चित्रात एकाच ठिकाणी, मानेच्या सावलीच्या खालच्या कडेला दिला तरी पुरतो. पिवळं जाकीट घातलेल्या पोरीच्या गळ्याला तर तो हवाच. आतेभावाला मी तेवढीच एक रेघ टाकून दाखवली.

रेषांचा रंगही बदलायचा. रेषांच्या लेयरवर अल्फा लॉक करून (म्हणजे रंग आधी काढलेल्या रेषांवरच बसतो) त्वचेजवळ तांबूस तपकिरी, जाकिटाजवळ गडद विटकरी. काळी रेषा फक्त पापण्यांना आणि बाहेरच्या कडेला ठेवायची.

त्याला या चित्राचे स्टिकर छापायचे आहेत. त्याबद्दल एवढंच: जाकिटाची काळजी नको, पिवळी शाई मशीनमध्ये स्वतंत्र असते, पिवळा छापून चांगला येतो. केसांचा भडक जांभळा मात्र स्क्रीनवरच नांदतो, कागदावर निम्मा विझतो. आधी छोटा तुकडा छापून बघायचा.

काल त्याचा मेसेज आला. पुढचं चित्र सांगलीच्या इर्विन पुलावर, रात्रीचं, तेच जाकीट. "म्हणजे परत गुलाबी सावली ना ताई?" नाही. रात्रीचा उजेड थंड असेल तर हिरवट झालेला पिवळाच खरा वाटेल आणि गुलाबी सावली खोटी दिसेल. दिवे पिवळे धरणार की पांढरे, ते आधी ठरव म्हटलं. अजून उत्तर नाही.