ओरेगॉनमधलं माझं पहिलं मतदान आणि मेझर 71

मी मूळ नागपूरचा. डिसेंबर आला की विधानभवनाकडचे रस्ते बंद, मोर्चे, आमदार निवासासमोर गाड्यांची रांग. अधिवेशन किती दिवस चालणार हे मुंबईत ठरायचं. दोन आठवड्यांत गुंडाळलं की आम्ही चार शिव्या हासडून मोकळे. त्यामुळे 2010 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर पहिल्याच मतपत्रिकेत, मेझर 71 या थेट मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्तावात, नेमका हाच प्रश्न आला, तेव्हा गंमत वाटली.

ओरेगॉनमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते. त्याआधी सरकारी मतदार पुस्तिका येते. त्यात प्रस्तावाचा मसुदा, खर्चाचा अंदाज आणि लोकांनी पैसे भरून छापून घेतलेली मतं. रात्री जेवणं उरकल्यावर ती घेऊन बसलो. तोवर ओरेगॉनच्या राजधानीत, सेलममध्ये, विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दर विषम वर्षीच भरायचं, पण मुदतीला बंधन नव्हतं. 2003 चं तब्बल 227 दिवस लांबलं होतं. मेझर 71 म्हणत होतं, दरवर्षी भरवा: विषम वर्षी 160 दिवस, सम वर्षी 35. वाढवायचं तर दोन तृतीयांश मतं हवीत, तीही एका वेळी पाचच दिवसांसाठी.

मंदीत महसूल गडगडत असताना दोन वर्षांचं बजेट एकदाच बांधायचं आणि मधला तातडीचा खर्च मोजक्या आमदारांच्या इमर्जन्सी बोर्डावर सोपवायचा, हे मला पटेना. आपल्याकडे घटनेचं कलम 174 दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडू देत नाही, तेवढा तरी धाक असतो.

'होय'चा रकाना काळ्या पेनने भरला. मतपत्रिका गोपनीय पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि त्यावर सही. ही सही नोंदणीवेळच्या सहीशी ताडून बघतात. माझी सही मूडप्रमाणे बदलते, म्हणून शुद्धलेखन काढावं तशी जपून केली. 2 नोव्हेंबरला रात्री आठच्या आत मतपत्रिका पोचायलाच हवी होती; टपालाचा शिक्का आधीचा असला तरी तेव्हा चालत नसे. टपालावर भरवसा न ठेवता सरळ अधिकृत पेटीत टाकून आलो.

प्रस्ताव दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी मंजूर झाला. 2012 च्या फेब्रुवारीत पहिलं छोटं अधिवेशन भरलं. ते बजेटच्या डागडुजीपुरतं, असा आमचा समज. पण 2016 च्या छोट्या अधिवेशनात किमान वेतनवाढ आणि कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने बंद करणं, दोन्ही उरकून टाकलं. कायदे मला मान्यच आहेत. पण एवढ्या घाईत सुनावणीसाठी रजा टाकून सेलम कोण गाठणार?